उंचावरची धार

लेकीने पाणी देणारं यंत्र बनवलं होतं. समोरचा माणूस ओळखून त्याची नळी अलगद प्याल्यापर्यंत खाली यायची. उद्यापासून तशी यंत्रं शाळाशाळांत बसणार होती. "याच्यापुढे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही," ती आईला कौतुकाने सांगत होती.

पण कारखाना झाडणाऱ्या मावशींनी प्याला धरला, तेव्हा नळी वर गेली आणि हातभर उंचीवरून धार सोडू लागली. मावशींचा हात कोपरापर्यंत भिजला.

"राहू द्या हो ताई," मावशी हसल्या. "तुमच्या यंत्राला जुनं वळण लागलंय!"

लेकीचा चेहरा उतरला. "आई, कोण कुठल्या घरचं, हे मी याला सांगितलेलंच नाही गं. मग शिकवलं कुणी?"

आईची मान खाली गेली. देवाघरी गेलेल्या तिच्या आईने मावशींच्या जातीच्या माणसांना जन्मभर असंच, बांगड्या मागे सारून, उंचावरून पाणी घातलं होतं. शरमेने पुढे होऊन तिने मावशींचा ओला हात धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा प्याला नळीखाली नेला.

खाली येणारी नळी थबकली. मग हळूहळू वर सरकली.

आणि वर, जिथे कुणीच नव्हतं, तिथे बांगड्या मागे सारल्याचा आवाज झाला.