गोदीच्या फाटकावरचे चेहरे

"ह्याचं नाक बघा," गुरम्मा म्हणाली आणि तिने भिंग फोटोवर टेकवलं.

बाकावरचे तिघेही पुढे वाकले.

गुरम्माने भिंग जरा फिरवलं. "न्हाई. लई फेंदारलंय." फोटो पालथा करून तिने बाजूला ठेवला.

हा एकोणचाळिसावा. अजून पन्नासच्या वर बाकी होते.

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात वीरभद्राचा फोटो स्टुडिओ होता. भरदुपारी त्याचं दार आतून लावलेलं होतं. बाकावर लिंगायत समाजाचा पंच चन्नबसप्पा आणि समाजातले दोन वडीलधारे. खाली सतरंजीवर गुरम्मा. आणि अंधाऱ्या खोलीच्या पडद्याआड वीरभद्राची बहीण, गुरम्माची सून, शिवकांता.

शिवकांताचा नवरा मलप्पा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरून उठून मुंबईला गेला. गोदीत काम मिळालं, असं एक पत्र आलं. पुढं काही नाही. मलप्पा गुरम्माचा एकुलता एक. "माझा लेक जिवंत हाय," हे तिचं अकरा वर्षांचं वाक्य. त्या वाक्यावर शिवकांताला आलेली दोन स्थळं परत गेली. या खेपेला कंधारचे वीरण्णा तयार होते. कापडाचं दुकान, माणूस शांत. उडकी लावून द्यायची, विधवेचं दुसरं लग्न रीतीनं करून द्यायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. तीन आठवड्यांनंतरचा सोमवार धरला होता.

तेवढ्यात लोह्याच्या एका हमालाने बातमी आणली. मुंबईला गोदीच्या फाटकावर मलप्पासारखा माणूस दिसला.

गुरम्मा चन्नबसप्पाच्या ओट्यावर जाऊन बसली. "नवरा जिता आसताना उडकी कशी लावता?"

योगायोग असा, की लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं आणि तिथल्या एका व्यापाऱ्याला नव्या जिल्ह्याच्या कॅलेंडरवर मुंबईचं बंदर हवं होतं. ते काम वीरभद्राकडे आलं. चन्नबसप्पा म्हणाला, "जातोच हाईस, तर फाटकावरच्या माणसांचे बी फोटू काढ. भावाच्या शब्दावर गाव इस्वास ठेवणार न्हाई. फोटूवर ठेवील. आणि वळखायचं आईनं."

वीरभद्र बारा दिवस मुंबईत राहिला. दिवसा बोटी, क्रेन, दोरखंड. पाळी सुटायच्या वेळी फाटकासमोर. अंधार पडला की तिवईवर कॅमेरा लावून, शटर बराच वेळ उघडं ठेवून पाण्यातले दिवे. त्याच्या गावात आठवड्याला एक टँकर येई. इथे एवढ्या पाण्याकडे कुणी मान वळवून बघत नव्हतं. मलप्पाचा लग्नातला फोटो त्याने शंभर जणांना दाखवला. कुणी ओळखला नाही. त्या लग्नात वीरभद्र स्वतः दहा वर्षांचा होता. त्याला मेव्हण्याची फक्त मिशी आठवत होती.

त्याने एकही चेहरा गाळला नव्हता. निगेटिव्हसुद्धा पुढ्यात ठेवल्या होत्या.

मलप्पा सापडेल, ही भीती त्याला नव्हती. भीती होती ती म्हातारीच्या बोटाची. अकरा वर्षं वाट बघितलेली आई. कुठल्याही चेहऱ्यावर तिने बोट ठेवलं असतं, तर तिला खोटं कोण पाडणार होतं?

"अव्वा, ह्यो तर मदराशी दिसायलाय," चन्नबसप्पा कंटाळून म्हणाला.

"मंग तुझ्या पाव्हण्यांतला आसंल," गुरम्मा म्हणाली. बाकावरचे दोघं हसले. शिवकांताचा पडदा हलला नाही.

फाटकाचे फोटो संपले. गुरम्माने हात पुढे केला. "ती दुसरी थप्पी दाव."

"त्यात बोटी हायत, अव्वा. कॅलेंडरच्या."

"बोटीत काय भुतं बसत्यात का?"

तिने तेही सगळे पाहिले. डोळे दुखायला लागले असावेत. मध्येच थांबून तिने भिंग पदराने पुसलं. मग शेवटचा फोटो ठेवला आणि गुडघे चोळले.

"आता लिंगावर हात ठेवून सांग," चन्नबसप्पा म्हणाला.

गुरम्माने गळ्यातलं लिंग मुठीत घेतलं.

"ह्यात माझा लेक न्हाई," ती म्हणाली. "लोह्याच्या माणसानं कुणाला बघितलं कुणास ठाऊक. सोमवारी उडकी लावा."

चन्नबसप्पाने मोठा श्वास सोडला. एकाने टोपी काढून घाम पुसला. वीरभद्राच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. शिवकांता बाहेर आली आणि सासूच्या पायांवर वाकली.

"ऊठ. सोमवारी हिरवी चोळी घाल," गुरम्मा म्हणाली. "आणि ती बिनकाठाची लुगडी कंधारला नेऊ नको. मला व्हतील."

मंडळी उठली. बाहेर उन्हात जाताच त्यांचे आवाज मोठे झाले. मंडप कुठे घालायचा यावर वाद सुरू झाला. शिवकांता त्यांच्या मागोमाग गेली. चालताना आज तिच्या डोक्यावरचा पदर घसरला, तो तिने लगेच सावरला नाही.

वीरभद्र फोटो गोळा करू लागला. गुरम्मा अजून सतरंजीवरच होती.

"एक फोटू मला देतो का?"

"कोणता बी घ्या, अव्वा." आज त्याने सगळं दुकान दिलं असतं.

तिने थप्पीतून एक ओढून काढला. रात्रीचं बंदर. धक्क्याला लागलेली लखलखती बोट, काळ्या पाण्यात थरथरणारे दिवे. कॅलेंडरसाठी वीरभद्राने हाच निवडला होता.

"बोट आवडली व्हय?" तो खुशीत म्हणाला. "मोठा करून देतो. चौकटीत बसवून."

"बोट ऱ्हाऊ दे तुला," गुरम्मा म्हणाली. "ह्यो खाली कोपऱ्यात चहा घेऊन बसलाय न्हाई का, तेवढाच कापून दे."