बाबांचा जीपीएस

"टचस्क्रीनचा नको गं, ओल्या हाताला दाद देत नाही," दुकानात बाबांनी बजावलं आणि बटणांचा जीपीएस निवडला. रविवारी आम्ही रतनगडावर जाणार होतो.

घरी मी त्यात सेल घातले, गळ्यात अडकवायला दोरी ओवली, गडाचा नकाशा भरला.

"हे डबडं मला वाट दाखवणार? गडावर लोक मलाच विचारतात!"

"धुक्यात लागेल, बाबा."

खरं कारण वेगळं होतं. गेल्या आठवड्यात मंडईतून परतताना ते रोजचा रस्ता चुकले होते. शेजारच्या काकांनी घरी आणलं होतं. त्याविषयी आम्ही दोघंही बोललो नव्हतो.

मी जीपीएसमध्ये वाटेची खूण म्हणून गडाची पहिली शिडी नोंदवायला घेतली, तेव्हा बाबांनी माझा हात धरला.

"गड राहू दे, तो पाठ आहे मला. आधी आपलं घर टाक."