साहेबांचं हेल्मेट

घरदुरुस्तीची कंपनी आईची, पण गिऱ्हाईक विचारायचं, "साहेब कुठायत?" शेवटी तिने रिकाम्या केबिनच्या दाराला हेल्मेट टांगलं. "थांबा, साहेबांना विचारून सांगते," म्हणत आत जायची, चहा प्यायची आणि स्वतःचाच निर्णय घेऊन बाहेर यायची. बारा वर्षांत साहेबांचा एकही निर्णय चुकला नाही. आज बिल्डर संघटनेचे अध्यक्ष पदक घेऊन आले, साहेबांसाठी. आई तडकली. "साहेब कधी नव्हतेच. भिंती पाडल्या मी, बांधल्या मी!" अध्यक्षांनी हेल्मेटसमोर मान झुकवून मला हळूच विचारलं, "धक्का बसलाय बिचारीला. कधी गेले साहेब?" संध्याकाळपर्यंत सात पुष्पगुच्छ आले, तीन कामं रद्द झाली. मग जुना गवंडी डोळे पुसत आला. "वहिनी, उद्याची भिंत पाडायची का? आता विचारायचं कोणाला?" आई उठली. "थांबा, साहेबांना विचारून सांगते." गवंड्याचा जीव भांड्यात पडला.