निळं बटण

आठव्या दिवशी, दार लावून, कुजबुजतच बाळाची सुंता उरकली. जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या त्या घेट्टोत मूल होण्यालाच बंदी होती. "नाव?" म्हाताऱ्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, विचारलं. "हिर्श. आजेसासऱ्यांचं," बाळंतीण फ्रुमा म्हणाली. "याचा बाप परत आला की म्हणेन, घे तुझा नकटा!" बापाला, लायझरला, जर्मनांनी महिन्यापूर्वी 'कामाला' नेलं होतं. सासू गितेल अंगातला कोट न काढताच बसली होती. सकाळी तिला गोळ्या घातलेल्यांचे कपडे निवडायला जुंपलं होतं. "हिर्श नको," ती म्हणाली. "लायझर ठेवा." फ्रुमा कुजबुजायचं विसरली. "जीभ झडो तुमची, सासूबाई! आपल्यात मेलेल्याचंच नाव ठेवतात. पोटच्या पोराचं नाव सांगायला मन कसं धजलं?" गितेलने कोटाची बटणं सोडली. आत तिच्या अंगात लायझरचा स्वेटर होता, त्याला नेलं त्या दिवशी त्याने घातलेला. तपकिरी बटणांत एकच निळं, फ्रुमाने शिवलेलं. "लायझर!" फ्रुमाने हाक मारली. ओ दिली ती मांडीवरच्या बाळाने, रडून.