पडदे

देवसिंगने कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस मुठीत धरून दाबलं. मूठ उघडली तरी तुसाचा लाडू तसाच. सुटा होईना. त्याने तो भिंतीवर फेकून मारला. तिथेही चिकटूनच बसला.

"आता तूच सांग बाबू, अजून काय करू मी?"

रिजवान पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर. देवसिंगच्या बायकोच्या, मानीबाईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच तांड्यावर आला होता. नाकाला रुमाल लावूनही शेडमधल्या उग्र वासाने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याने एक कोंबडी उचलून उलटी धरली. तळपाय भाजल्यासारखे काळे पडले होते.

"सत्तावीस दिवसांची पाखरं अन् पाय असे? काका, असंच राह्यलं तर कंपनी पुढची पिल्लं नाही देत तुमाले."

"मंग मी काय बसून राह्यलो का?" देवसिंगचा आवाज चढला. "कोंबड्यांचे पाणी प्यायचे गळके निपल बदलले. पाण्याची लाइन वर घेतली. चुना टाकला. दारव्ह्याहून नवं तूस आणलं, चार दिवसांत त्याचाही चिखल. रोज दाताळं मारून तूस खालीवर करतो, हे हात बघ माहे. एवढं पाणी येते तरी कुठून? कोंबड्या काय नदीत पोहून येतात?"

रिजवान वर पाहत होता. पत्र्याला आतून थेंब लोंबत होते. मग त्याची नजर जाळीकडे गेली. दोन्ही बाजूंचे पडदे वरपर्यंत ओढलेले, दोऱ्या करकचून बांधलेल्या.

"पडदे काहून बंद?"

"थंडी आहे."

"दुपारचा एक वाजला, काका. मी घामानं भिजलो. एवढ्या पाखरांची वाफ जाईन कुठून? तीच तर पडून राह्यली खाली. कवापासून बंद आहेत?"

देवसिंग दाताळ्याच्या दातांत अडकलेलं तूस बोटाने काढू लागला.

"दवाखान्यात तिनं सांगतलं होतं. नाकात नळी होती. म्हणे, पडदे उघडू नका, लेकरं गारठतीन." त्याने दाताळं भिंतीला टेकवलं. "त्याच्यानंतर काही बोललीच नाही."

रिजवानने रुमाल खाली घेतला. "तवा आठ दिवसांची पिल्लं होती, काका."

"माहीत आहे मले!"

त्याच्या ओरडण्याने कोंबड्या दचकल्या आणि कोपऱ्यात दाटल्या. रिजवान दोरीकडे गेला. गाठीला हात लावणार, तोच देवसिंगने त्याला बाजूला सारलं.

गाठ ओलीने फुगली होती. नखांनी सुटेना. त्याने दोरीला एक शिवी हासडली, मग दातांनी ओढून गाठ सोडली. पडदा सळसळत खाली आला. ऊन थेट आत पडलं, वारा शिरला. कोंबड्यांनी माना वर केल्या.

देवसिंग दोरी हातात धरून तसाच उभा राहिला.

"मोठी झाली वं मानी आता लेकरं," तो म्हणाला.