रत्नाकरची फटफटी

एकोणऐंशी साली धोंडीरामचा तरणा मुलगा रत्नाकर काविळीने गेला. तेव्हापासून त्याची फटफटी पंचवटीतल्या घराच्या ओट्याला टेकून गंजत होती. इंजिन पार जाम झालं होतं. आत धोंडीरामची बायको सुलाबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. मुलगा गेल्यापासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती.

एका रविवारी धोंडीरामने दारातच पोतं अंथरलं आणि इंजिन खोललं.

"मामा, भंगारात द्या," शेजारचा झुंबर म्हणाला.

"चालू झाली की तुझ्या मामीला पिंपळगावला तिच्या भावाकडे नेईन. तिथं तरी बोलेल."

त्याने सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन घातला, कार्बोरेटर रॉकेलने धुतला. हे काम त्याने कधी केलं नव्हतं. जोडायचा, चुकायचा, पुन्हा खोलायचा. अखेर एका संध्याकाळी किक मारली आणि इंजिन धडधडू लागलं.

आतून सुलाबाईचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा.

"आलास का रत्नाकर? हातपाय धू, भाकरी टाकते."



टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत धोंडीरामने गाडी बंद केली नाही.