हौदाचा तळ

सकाळपासून हौदातलं पाणी उतरत होतं आणि दरवाजेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नदीतून वर कालव्यात जायचं तर प्रत्येक होडीला या हौदातूनच जावं लागे. खालचा दरवाजा लावायचा, पाणी भरायचं, होडी उचलली गेली की वरचा उघडायचा. तेवीस वर्षं त्याचं हेच काम. सहा-सात वर्षांतून एकदा मात्र दरवाजांच्या दुरुस्तीसाठी हौद पार रिकामा करायचे. मग अख्खं गाव काठावर लोटे. भांडी, चपला, एकदा तर चक्क शिवणयंत्र निघालं होतं. गावात काही हरवलं की लोक म्हणत, "जातंय कुठं? हौद उपसला की सापडेल."

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको हरवली होती.

पहाटे उठून बाहेर गेली ती गेलीच. "पाय घसरून हौदात पडली," असं त्यानं सांगितलं. गळ टाकून शोधलं, पण तळाला पुरुषभर गाळ, हाती काही लागलं नाही. गावानं तोंडावर हळहळ केली आणि पाठीमागं म्हटलं, ह्यानंच ढकलली. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

आज मेहुणी अगदी कडेला येऊन उभी होती.

"भावजी, एवढा घाम का हो फुटलाय?"

"उकडतंय."

"चोराच्या मनात चांदणं!" ती हवालदाराकडे बघत म्हणाली. हवालदार आधीपासूनच त्याच्या आसपास घुटमळत होता.

गाळ उघडा पडला. माणसं फावडी घेऊन उतरली. एक फावडं खणकन वाजलं तसा दरवाजेवाल्यानं कठडा घट्ट धरला. बादली निघाली. पुन्हा वाजलं. सायकलचं चाक. काठावर कुणीतरी हसलं, तर मेहुणीनं त्याला असं झापलं की बिचारा घरीच निघून गेला.

"दरवाजाखालचा कोपरा बघा," ती ओरडली. "तिथं खोल आहे."

दरवाजेवाल्यानं डोळे मिटून घेतले. नको तेच आज उघडं पडणार, असं त्याचं मन सकाळपासून सांगत होतं.

दुपार टळली. गाळ संपला, खालची फरशी लागली. हाड नाही, बांगडीचा तुकडा नाही.

मेहुणी मटकन खाली बसली. "जिवंत आहे माझी बहीण! भावजी, जीभ झडो माझी. काय काय बोलले हो तुम्हाला!"

हवालदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटलास बाबा. असेल कुठंतरी सुखात. चल, चहा पाजतो."

दरवाजेवाला शिडीवरून हौदात उतरला. एकाच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं आणि उघड्या फरशीवर घाव घालू लागला.

"अरे, वेड लागलं का? संपला गाळ!"

"नीट बघितलं नाहीत तुम्ही," तो हुंदके देत म्हणाला. "बुडालीच आहे ती. मला टाकून जाईल होय?"